आकड्याबाहेरच्या बाई

बाईंच्या ई-मेलमध्ये मजकूर नसायचा. जे सांगायचं ते सगळं विषयाच्या ओळीत कोंबलेलं आणि खाली नुसतं पांढरं. ‘रॅम्प निसरडा मीठ टाका’. ‘नवीन मुलगा सोमवारी पोलिश बोलतो कुत्र्यांना घाबरतो’. ‘कौन्सिलला सांगा नाही’. नोकरीला लागले तेव्हा मी त्या पांढऱ्या पानावर खाली खाली स्क्रोल करत राहायची, मजकूर कुठेतरी खाली राहिला असेल म्हणून. नंतर कळलं, विषयापासून मजकुरापर्यंत पोचायचा धीर बाईंकडे नव्हता.

इंग्लंडमध्ये लीड्सहून ट्रेनने अर्ध्या तासावर एक लहान गाव आहे. तिथे कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, एक स्पेशल स्कूल आहे, ज्या मुलांचं नेहमीच्या शाळेत निभत नाही त्यांच्यासाठी. बाई तिथल्या हेडटीचर आणि मी बिझनेस मॅनेजर. नाव मोठं, काम ऑफिस आणि हिशेब सांभाळायचं. मी नागपूरची बी.कॉम., नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आलेली. इंटरव्ह्यूला बाईंनी माझं आडनाव दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं आणि शेजारी बसलेल्या गव्हर्नर मंडळींच्या, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाच्या, देखत मराठीत विचारलं, “भाकरी येते का थापायला?”

मी म्हटलं, “नाही.”

“खरं बोलतीस. बास,” त्या म्हणाल्या, आणि इंग्रजीत गव्हर्नरांना सांगितलं की उमेदवाराने अवघड प्रश्नाचं समाधानकारक उत्तर दिलं आहे.

इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझ्या तोंडून ते निघेना. साठीकडे झुकलेली, पांढऱ्या केसांची, वर्षभर फ्लुओरेसंट पिवळं जाकीट घालून फिरणारी ही बाई. तिला मी ‘बाई’च म्हणायला लागले. केअरटेकरने तो शब्द उचलला. तो सकाळी दारात त्यांना बघून ‘बाय’ म्हणायचा, आणि नव्या स्टाफला वाटायचं, हा गृहस्थ आल्या आल्या निरोप का घेतो.

बाई दहा वर्षांच्या असताना कोल्हापूरहून इकडे आल्या. वडील इथल्या कापडगिरणीत कामाला होते. त्यांचं मराठी तिथेच, त्या दहाव्या वर्षी थांबलं होतं. हॉस्पिटलला त्या इस्पितळ म्हणायच्या, कारला मोटार. रागावल्या की शाळकरी पोरासारख्या भांडायच्या, “जा की मग, मला काय सांगायलीस.” इंग्रजी मात्र अस्सल यॉर्कशरचं, या भागातलं गावरान. कौन्सिलचे साहेब लोक इंग्लंडच्या दक्षिणेकडचे असले तर ते त्यांना धड कळायचं नाही, आणि बाई ते मुद्दाम आणखी घट्ट करायच्या.

एका जागी बसणं त्यांना माहीत नव्हतं. मीटिंग असली की कॉरिडॉरमध्ये चालत चालत. जेवणही तसंच. पोळीला संत्र्याचं मार्मलेड लावून तिची गुंडाळी करायची आणि ती एका हातात धरून वर्गावर्गांतून हिंडायचं. मुलं वाढली, वर्ग अपुरे पडायला लागले, तेव्हा त्यांनी आपली खोली मुलांना देऊन टाकली आणि लॅपटॉप फोटोकॉपी मशीनवर ठेवून काम करायला लागल्या. गावातल्या पेपरात ‘स्वतःची खोली देणारी हेडटीचर’ म्हणून छापून आलं. लोकांना तो त्याग वाटला. मी रोज बघत होते. मला वाटतं, खोली गेल्याचं त्यांना सुटल्यासारखंच वाटलं असावं. तक्रार फोटोकॉपी करणाऱ्यांची होती.

शाळा चिमुकली, पण मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा मोजायला गेलं तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. पंजाबी, उर्दू, पोलिश, सोमाली, रोमानियन, अरबी. नवीन मूल आलं की बाई त्याच्या आईला दारातच गाठायच्या. आजाराचं नाव, कागदपत्रं, डॉक्टर, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न, “हे हट्ट कुठल्या भाषेत करतं?” मग त्या भाषेतले तीन शब्द पाठ करायच्या: ये, बास, आणि आई येते. उच्चार इतके वाईट की मुलं चकित होऊन रडायची थांबायची. एकदा तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरने विचारलं, शाळा आपली डायव्हर्सिटी कशी साजरी करते? बाई चालतच होत्या. “साजरी नाही करत,” त्या म्हणाल्या, “तिला जेवायला घालतो.” आणि त्याला स्वयंपाकघरात नेऊन हलाल, शाकाहारी आणि मिक्सरमधून काढलेल्या जेवणाची ताटं दाखवली. तो बिचारा ताटांचे फोटो काढत राहिला.

आता पैशांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कौन्सिल दरवर्षी शाळेशी मुलांचा एक आकडा ठरवते. त्या आकड्यापुरते पैसे येतात. शिवाय मुलाला या शाळेत घालायचं तर आधी कौन्सिलने त्याची तपासणी करून त्याच्या नावाचा एक प्लॅन बनवायचा असतो. प्लॅन नाही तर प्रवेश नाही. मी आले तेव्हाच शाळा आकड्याच्या वर गेलेली होती. वरच्या मुलांचे पैसे मागून, भांडून, उशिरा यायचे, आणि तोवर आहे त्यात भागवणं माझं काम. मी दर महिन्याला बाईंना सांगायची, “बाई, आता जागा नाही.” त्या दर महिन्याला म्हणायच्या, “जागा करायची असती. ती काय आपणहून उगवती?”

त्यांना एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. इंग्रज घरांतली मुलं आमच्याकडे चौथ्या-पाचव्या वर्षी यायची. नुकत्याच आलेल्या लोकांची मुलं यायची आठव्या-नवव्या वर्षी. “ही पोरं आभाळातनं पडत न्हाईत,” बाई म्हणायच्या. “मधली वर्षं कुठंतरी असतात की. घरात असतात. आत.” मग शनिवार-रविवार त्या हिंडायच्या. गुरुद्वारा, मशीद, पोलिश चर्च, भाजीची दुकानं. कोणाच्याही बाबागाडीत डोकवायच्या. बरेच लोक चिडायचे. एकीने पोलिसांना फोन करते म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, कर, पण आधी पोराचं नाव सांग.

गौरी त्यांना तशीच सापडली. इंडियन ग्रोसरच्या दुकानात त्यांच्यापुढे रांगेत एक मराठी माणूस होता. पोहे, बिस्किटं, आणि मोठ्या मुलांचे डायपर. बाईंनी मागून सरळ विचारलं, “डायपर कुणासाठी, दादा?” त्या माणसाने वळून बघितलं, सामान तसंच काउंटरवर टाकलं आणि निघून गेला. दुकानदाराकडून पत्ता आणि घरात एक मुलगी आहे एवढं काढून बाई सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी हजर.

“चल. माझी भाषा ऐकून तो दार उघडायचा न्हाई. तू जरा गोड बोल.”

“बाई, पगाराची फाइल आज जायचीय.”

“दुपारी जाईल. पोरगी सकाळची घरात हाय.”

गल्लीतलं ते लाल विटांचं, ओळीत चिकटलेलं घर. मी बेल वाजवली, गोड बोलून झालं. आत पावलं दारापर्यंत येऊन थांबली, पण दार उघडेना. तेव्हा बाईंनी पायरीवर उकिडवं बसून दारातली पत्रं टाकायची टपालफट बोटांनी उचकटली आणि तिला तोंड लावलं.

“दादा, मी सरकारकडनं आलेली न्हाई,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “म्हणजे आलोय, पण शाळेकडनं.”

पावलं दारापासून मागे सरकली.

“पोरीचं नाव काय?”

काही नाही.

“तिला आवडतं काय?”

आतून पुरुषाचा आवाज आला. “पंखा.”

“काय?”

“फिरता पंखा बघायला आवडतो तिला.”

“आमच्याकडं हाय पंखा,” बाई म्हणाल्या. आमच्याकडे पंखा नव्हता. यॉर्कशरमध्ये पंखा कोण ठेवतं.

तेवढ्यात मागून कोणीतरी इंग्रजीत विचारलं, काय पाहिजे? म्हाताऱ्यांच्या केअर होमचा निळा अंगरखा घातलेली, रात्रपाळी करून परत आलेली गौरीची आई. दारात मी, आणि टपालफटीला तोंड लावून बसलेली पिवळ्या जाकिटातली एक म्हातारी. मी घाईघाईने मराठीत सांगायला लागले. मराठी ऐकल्यावर गौरीची आई भिंतीला टेकली आणि रडायला लागली. तिचं रडणं ऐकून आतून दार उघडलं.

ती मंडळी नाशिककडची. आईचा केअर वर्करचा व्हिसा, त्यावर नवरा आणि मुलगी. नवरा संध्याकाळी पार्सलं पोचवायचा, दिवसा मुलीजवळ. गौरी नऊ वर्षांची, बोलत नाही, चालत नाही, अधूनमधून फिट येते. येऊन वर्ष उलटलं तरी मुलगी घराबाहेर पडली होती ती फक्त डॉक्टरकडे.

“व्हिसाच्या कागदावर लिहिलंय ताई, सरकारी पैसा घ्यायचा नाही,” आई म्हणाली. “एजंट म्हणाला, मुलीचं कोणाला सांगू नका. परत पाठवतील.”

“शाळा त्यात येत नाही,” मी म्हटलं. “भत्ते येतात. शाळा नाही. मी वाचलंय ते.”

“नक्की?”

“नक्की.”

ती दारात उभ्या नवऱ्याकडे बघत राहिली. तोवर बाई तिला ओलांडून आत गेल्याही होत्या. पलंगावर उशांच्या आधाराने एक बारीकशी मुलगी बसली होती. बाईंनी टेबलावरचं मासिक उचललं आणि तिच्या डोळ्यांपुढे गोल गोल फिरवायला लागल्या. गौरीने आधी मासिकाकडे बघितलं, मग बाईंकडे.

दुपारी मला ई-मेल आला. ‘पंखा घ्या मोठा आजच’.

कौन्सिलच्या अधिकारी बाईला मी फोन केला. ती वाईट नव्हती. अर्ज करा म्हणाली, तपासणीला महिने लागतील, आणि प्लॅन झाला तरी तुमचा आकडा भरलाय, शेजारच्या गावातली शाळाही भरलीय. तिचा आवाज दमलेला होता. असे फोन तिला दिवसभर येत असणार.

बाईंनी वाट बघितली नाही. पुढच्या सोमवारी गौरीचे वडील तिला व्हीलचेअरमध्ये घेऊन शाळेच्या दारात आले. बाईंनी रिसेप्शनवरून व्हिजिटरचा बिल्ला घेतला आणि तिच्या स्वेटरला लावला. “पाहुणी हाय,” मला म्हणाल्या. “पाहुण्याला प्लॅन लागत न्हाई.” तेव्हापासून गौरी रोज सकाळी पाहुणी म्हणून यायची आणि तीन वाजता पाहुणी म्हणून जायची. पंख्यासमोर बसून ती हसायला लागली. मग पंख्याच्या बटणावर हात टेकवायला शिकली. तिच्या वडिलांना सकाळी झोप मिळायला लागली, आणि झोपेनंतर तो माणूस बराच तरुण निघाला.

मला मात्र चैन पडेना. मी कॉरिडॉरमध्ये बाईंच्या बाजूने चालत म्हणायची, “तिचं नाव कुठेच नाही. शाळेत असताना काही झालं तर?”

“घरात काही झालं तर चालतंय का कौन्सिलला?”

“चालतं असं नाही, पण...”

“चालतंय. इतके दिवस चाललंच की.”

माझा प्रश्न तसाच राहायचा, आणि हे त्यांनाही ठाऊक असावं, कारण त्या आणखी भराभर चालायला लागायच्या.

एक दिवस दुसऱ्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. इंग्रज, गावातलीच, फार साधी, कोणालाही ‘लव्ह’ म्हणणारी. म्हणाली, “मला त्या मुलीबद्दल काही म्हणायचं नाही, लव्ह. पण माझ्या मुलाला दोन माणसं लागतात. तसं त्याच्या प्लॅनमध्ये लिहिलंय. आता एकच असतं.” तिचं शंभर टक्के खरं होतं. दुसरी असिस्टंट गौरीजवळ असायची. मी बाईंना सांगितलं. त्या चालायच्या थांबल्या, पोळी तशीच हातात. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाचं दुसरं माणूस त्या स्वतः झाल्या. दिवसभर त्याच्यासोबत. तो जोरात पळायचा, चावायचा. पळण्यात बाई त्याला तोडीस तोड होत्या. संध्याकाळी फोटोकॉपी मशीनशी उभ्या राहून हेडटीचरचं काम करायच्या आणि मनगटावरचे दातांचे वळ जाकिटाच्या बाहीत झाकायच्या. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा थकलेलं बघितलं.

नोव्हेंबरात गौरीला शाळेत फिट आली. नेहमीसारखी थोडक्यात थांबेना. तिच्या पिशवीत गालात सोडायचं औषध होतं, आईने सगळं समजावून दिलं होतं. नर्सने औषध दिलं, पण ते कुठल्या नोंदीत लिहायचं तिला कळेना, कारण कागदोपत्री ही मुलगी इथे नव्हतीच. अँब्युलन्स आली. पॅरामेडिकने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, शाळेतली नोंद मागितली. गौरीच्या स्वेटरवरचा बिल्ला त्याने हातात घेऊन वाचला.

मुलगी दुसऱ्या दिवशी घरी आली, ठीक होती. पण हॉस्पिटलने कौन्सिलला कळवलं, आणि त्याच आठवड्यात बाईंना रजेवर पाठवलं. गौरीचं येणंही बंद. चौकशी बसली.

मला आत बोलावलं तेव्हा टेबलापलीकडे तीन जण होते. त्यांनी मला आधीच सांगून टाकलं, की हेडटीचरने सगळी जबाबदारी स्वतःवर घेतलीय, ऑफिसला यातलं काही माहीत नव्हतं असं त्या म्हणाल्यात. तुम्ही फक्त दुजोरा द्या.

मी म्हटलं, “बिल्ला रोज सकाळी मीच काढून देत होते.”

बाई बाहेर कार पार्कमध्ये येरझारा घालत होत्या. मला वाटलं, त्या काहीतरी चांगलं बोलतील. निदान पाठीवर हात ठेवतील.

“तुला कुणी सांगितलं होतं खरं बोलायला?” त्या म्हणाल्या. “मी जाणारच हाय. आता तुलाही काढलं तर आत कोण उरलं? त्या पोरीचा अर्ज कोण पुढं ढकलणार? त्यो केअरटेकर?”

“बाई, तुमच्या एकट्यावर...”

“माझं एकटीचंच होतं ते. मला शिस्त माहीत नव्हती काय? माहीत होती. तू नागपूरची शहाणी, तुला एवढं कळू नये?”

आणि त्या निघून गेल्या. मला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगताना मी त्यांना वेडी म्हातारी म्हटलं. फिट आणखी लांबली असती तर काय, हे त्यांनी कधीच हिशेबात धरलं नव्हतं. त्यांचं चुकलंच होतं. तरी गौरी शाळेच्या दारात आली त्या सोमवारी दुसरं काय करायला हवं होतं, असं कोणी मला विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आजही येत नाही.

मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. बाईंना निवृत्ती घ्यायला लावली. निरोपाच्या समारंभाला त्या आल्याच नाहीत. केक स्टाफरूममध्ये, म्हणजे आता जिथे चौथा वर्ग भरतो तिथे, मुलांनीच खाल्ला.

मग मी अर्ज पुढे ढकलायला लागले. अधिकारी बाईला आठवड्याला फोन. सायकॉलॉजिस्टची तारीख, थेरपिस्टची तारीख. नाशिकच्या डॉक्टरांचे रिपोर्ट. चौकशीमुळे एक झालं होतं: गौरी आता कौन्सिलला दिसत होती. एकदा दिसलेलं मूल पुन्हा न दिसल्यासारखं करता येत नाही. त्या दिवसांत मी तिच्या घरी गेले की तिची आई सांगायची, “बाई सकाळी येऊन गेल्या.” रोज, पावसात, बर्फात. पंखा त्यांनी घरी नेऊन दिला होता. गौरी बटणावर हात टेकवायचं विसरू नये म्हणून तासभर तिच्याबरोबर पंखा चालू-बंद करायच्या आणि निघून जायच्या. माझ्याशी मात्र बोलत नव्हत्या.

ईस्टरच्या सुट्टीआधी प्लॅन आला. नव्या हेडटीचर शांत, व्यवस्थित बाई आहेत, खुर्चीत बसतात. त्यांनी कौन्सिलशी बोलून आकडा थोडा वाढवून घेतला, रीतसर, पैशांसकट. हे त्यांना जमलं आणि बाईंना कधी जमलं नव्हतं, हेही सांगायलाच हवं. मी बाईंना फोन केला.

“गौरीला जागा मिळाली.”

पलीकडे रस्त्यावरचा आवाज येत होता. त्या चालत होत्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आणि हा हिवाळा?”

“म्हणजे?”

“हिवाळा गेला की तिचा. त्यो कुठनं भरून देणार हायेत?”

मग त्यांनीच विचारलं, ताकिदीचं काय झालं, कागद फाइलमध्ये कायम राहणार का. राहील म्हटल्यावर म्हणाल्या, “असू दे. तुझ्यासारखी दुसरी मिळायची न्हाई मला.” त्या कोणाबद्दल काही चांगलं बोलल्या तर असंच, भांडल्यासारखं.

गौरीच्या पहिल्या दिवशी शाळेची मिनीबस तिला घ्यायला जाणार होती. शाळेच्या आवारात यायला बाईंना मनाई होती. त्या समोरच्या फुटपाथवर उभ्या होत्या, पिवळं जाकीट घालून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. मी गेटशी होते. बस आली, मागचं दार उघडलं, व्हीलचेअरची लिफ्ट घरघरत हळूहळू खाली आली. गौरीला ते फार आवडलं. तिने मान मागे टाकली आणि जोरात हसली. सोबत आलेल्या तिच्या वडिलांनी ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. ड्रायव्हरने घड्याळ बघितलं, मग तिला पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. मागे बसेसची रांग लागली तरी कोणी हॉर्न वाजवला नाही.

बाईंना दाखवायला मी वळले. फुटपाथ रिकामा होता.

जेवणाच्या सुट्टीत मी फोन लावला. त्या ट्रेनमध्ये होत्या, कॉव्हेंट्रीला निघालेल्या. तिकडे कोणीतरी कुटुंब आहे, त्यांच्या मुलाच्या प्लॅनचं अपील आहे, त्यांच्याबरोबर बसायचंय म्हणाल्या.

“एक मिनिट थांबायचं तरी, बाई,” मी म्हटलं. “ती किती हसली माहितेय?”

“पहिल्यांदा खाली आली तवा बघितलं की मी,” त्या म्हणाल्या. “झालं की तिचं. आता थांबून काय करू?”